वडशाला नायक व्हायला गेलो, ‘विनोदी करता का?’ म्हणाले

पत्राचा गोषवारा: वय २७, मूळ गाव ब्रह्मपुरी तालुक्यातलं. सहा वर्षांपासून पुण्यात नोकरी, संध्याकाळी तालमी, प्रायोगिक नाटकं, एकांकिका स्पर्धा. यंदा झाडीपट्टी रंगभूमीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावी रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या, हंगामात उतरायचं ठरवून हे वाचक रजा काढून गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला, या नाट्यकंपन्यांच्या गावी, गेले आणि दोन नाट्यकंपन्यांकडे चाचणी देऊन आले. पहिल्या ठिकाणी दोन मिनिटांत थांबवलं. “आवाज मागं जात नाही,” एवढंच कारण सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी गंभीर स्वगत केलं. मालकांनी शांतपणे ऐकलं, गाव विचारलं आणि म्हणाले, “आता घरी बोलता तसं बोलून दाखवा.” झाडीबोलीत चार वाक्यं होताच खोलीतले सगळे हसले आणि विनोदी भूमिकेसाठी विचारणा झाली. नायक आधीच ठरलेला आहे. उत्तर पोळ्यापर्यंत द्यायचं आहे. त्यांचे प्रश्न असे: सहा वर्षं शिकलो ते विनोदी गडी व्हायला का? एकदा होकार दिला की कायमचा शिक्का बसेल का? की पुढच्या वर्षी पुन्हा नायकासाठी जावं? नोकरी सोडावी का? वडील तर म्हणतात, “कापणीच्या दिवसांत नाटकं कसली?”

उत्तर:

तुमच्या पत्रात ‘अपमान’ हा शब्द तीन वेळा आला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. दुसऱ्या कंपनीत लोक हसले तेव्हा तुमची फजिती झाली असं तुम्ही धरून चाललात. पण क्रम पुन्हा पाहा. स्वगताला कोणी हसलं नाही. ते त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि मग तुमच्या घरच्या बोलीची चार वाक्यं मागितली. नाटक चालवणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत कळलं की हा मुलगा पुण्यात शिकलाय, पण ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ त्याला शिकवावं लागणार नाही. ते हसू पसंतीचं होतं.

तुमचं दुसरं गृहीतक असं दिसतं की नायक म्हणजे वरची पायरी आणि विनोदी म्हणजे खालची. पुण्यात कदाचित तसं असेल. झाडीपट्टीत नाटक रात्री साडेनऊ-दहाला सुरू होतं आणि पहाटे चार-पाचपर्यंत चालतं. अंगावर चादरी घेऊन बसलेली माणसं दीड-दोन वाजता पेंगायला लागतात. लेकरं रडतात, कोणी चहाला उठतं. त्या वेळी मंडप जागा ठेवायचं काम नायकाकडे नसतं, ते विनोदी नटाकडे असतं. गावातलं मंडळ प्रयोग ठरवताना कलाकारांची नावं विचारतं आणि त्यात विनोदी कोण आहे हे विचारल्याशिवाय राहत नाही. पोस्टरवर त्याचा फोटो नायकाच्या बरोबरीनं असतो. शिवाय नायकाच्या जागेसाठी कंपन्या मुंबई-पुण्याहून मालिकांमधले चेहरेही बोलावतात. त्या स्पर्धेत तुम्ही शंभरातले एक. झाडीबोली सहज बोलणारा, तालमीची शिस्त असलेला, सत्ताविशीतला नट मात्र रोज दारात येत नाही.

शिक्क्याची भीती अगदीच खोटी नाही. पण गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे पाहा. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या सुमारे ८०० भूमिका आणि ५,००० हून अधिक प्रयोगांचा उल्लेख सगळीकडे झाला. या रंगभूमीवर माणूस अशा बेरजेनं मोठा होतो. एका भूमिकेनं शिक्का बसत नाही, तीच भूमिका त्याच हातवाऱ्यांनी सलग चार हंगाम केली की बसतो. तो टाळायचे दोन साधे उपाय आहेत. कंपनीकडे हंगामात एकापेक्षा जास्त नाटकं असतील, तर दुसऱ्या नाटकात वेगळ्या प्रकारची छोटी भूमिका आत्ताच मागून ठेवा: म्हातारा बाप, पाटील, पोलीस, काहीही. आणि पहिल्या पंधरा प्रयोगांत नायकाची नक्कल, म्हणजे त्याच्या वाट्याचे संवाद, कोणाला न सांगता पाठ करून ठेवा. इतक्या लांबच्या हंगामात एखाद्या रात्री कोणाला तरी ताप येतो, कोणाची तरी गाडी बंद पडते. संध्याकाळी सात वाजता “मला येतं” म्हणणारा विंगेत असेल, तर मालक दुसरीकडे फोन लावत नाही.

आता पहिल्या कंपनीनं दिलेलं कारण. ते तुम्ही अर्ध्या ओळीत उडवून लावलं आहे, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. आवाज मागं जात नाही याचा अर्थ आवाज लहान आहे असा नव्हे. शंभर माणसांच्या बंद खोलीत काम करणाऱ्या नटाला वाक्याचा शेवट सोडून द्यायची सवय लागते. तिथं ते खरंखुरं वाटतं. भिंती आवाज परत पाठवतात आणि पुढच्या रांगेला तुमचे डोळे दिसतात. मंडपाला भिंती नसतात. कापड आवाज पिऊन टाकतं, बाजूला जनरेटर चालू असतो आणि शेवटची रांग कुठं संपते ते दिव्यांमुळे दिसतही नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, नकार तर त्याच्याही पुढे. “मी त्याला मारलं नाही” यातला ‘नाही’ तुम्ही श्वासात सोडलात की मागच्या माणसाला ऐकू येतं, “मी त्याला मारलं.” नाटकच उलटं झालं!

यावर ओरडणं हा उपाय नाही. ओरडलं की सूर चढतो, घसा दुसऱ्या अंकात बसतो आणि वरून टांगलेल्या माइकमध्ये आवाज फाटतो. गावी गेलात की एक करा. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहा, मित्राला शंभर फुटांवर पाठ करून उभं करा. नेहमीच्या सुरात वीस वाक्यं म्हणा. प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द त्यानं परत म्हणायचा. वीसपैकी किती बरोबर येतात ते मोजा. सुरुवातीला दहा-बारा येतील. वाक्य संपेपर्यंत पोटातला श्वास न सोडणं आणि शेवटच्या शब्दाला पहिल्याइतकाच वेळ देणं, एवढंच सुधारायचं आहे. रोज वीस मिनिटं दिलीत तर तीन-चार आठवड्यांत फरक मित्रालाच कळेल. माइकचंही एक तंत्र आहे. मंचावर माइक कुठं टांगले आहेत ते पडदा उघडण्याआधी पाहून ठेवा. महत्त्वाचं वाक्य चालता चालता दोन माइकच्या मधे बोलू नका. आधी पोहोचा, मग बोला.

चाचणीत आणखी तीन गोष्टी पाहिल्या जातात. तुमची तयारी बहुधा त्यातल्या एकाचीही नव्हती, कारण तुम्ही पाच मिनिटांचं स्वगत घेऊन गेला होतात. तुमच्यासारखे बरेच जण हेच करतात.

पहिली गोष्ट प्रॉम्प्टिंग. तालमी मोजक्या आणि नाटक सहा तासांचं, त्यामुळे विंगेतून येणारं वाक्य झेलता येणं हे इथं कौशल्यच मानतात. शहरी नटाला त्याचा कमीपणा वाटतो आणि तो पाठांतराच्या जोरावर उभा राहतो. मग एक शब्द सुटला की पुरता गडबडतो. नवख्याच्या चुका ठरलेल्या असतात. मान विंगेकडे कलते. वाक्य येईपर्यंत चेहरा कोरा पडतो. किंवा प्रॉम्प्टर ज्या सपाट सुरात वाचतो, त्याच सुरात नट बोलून मोकळा होतो. सराव असा करा: कोणालाही एक अनोळखी नाटक हातात द्या, त्याला उजव्या बाजूला सहा फुटांवर बसवा आणि दबक्या आवाजात वाचायला लावा. पहिले दोन-तीन शब्द पकडायचे, बाकीचं कानावर पडत असतानाच बोलायला लागायचं. हाताला काहीतरी काम ठेवा. पागोटं सारखं करणं, खुर्ची पुसणं, बिडी शोधणं. विनोदी भूमिकेत हे फारच सोयीचं पडतं. प्रेक्षकांना वाटतं गडी विचार करतोय, आणि गडी खरं तर वाक्याची वाट पाहत असतो.

दुसरी गोष्ट गाणं. बाजूला ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजत असतात आणि विनोदी नटालाही दोन ओळी गाव्या लागतात. तुमची पट्टी कोणती, काळी एक की पांढरी दोन, हे विचारल्यावर “तुम्ही द्याल ती” असं उत्तर देऊ नका. कोणत्याही पेटीवाल्याकडे अर्धा तास बसलात तर पट्टी कळेल. एक मुखडा आणि एक अंतरा बेताल न होता यायला हवा. सुरात उन्नीस-बीस चालतं, तालात चालत नाही.

तिसरी गोष्ट वेळ. चाचणीला दीड-दीड मिनिटाचे दोन तुकडे न्यावेत, एक घरगुती नाट्याचा आणि एक बोलीतल्या विनोदाचा. पहिल्या पंधरा सेकंदांत कोण कोणाशी बोलतंय हे कळलं पाहिजे. हळूहळू चढत जाणारं स्वगत पाचव्या मिनिटाला कितीही उंच जात असलं, तरी ऐकणारा दुसऱ्या मिनिटाला चहा सांगतो. सोबत दोन साधे फोटो, एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण. कोऱ्या तारखांची यादीही न्यावी. मालकाच्या लेखी हंगामभर मोकळा असलेला बरा नट, अर्धा हंगाम मोकळ्या असलेल्या उत्तम नटापेक्षा जास्त कामाचा. चाचणीचे म्हणून कोणी पैसे मागितले, तर तिथून निघून यावं.

बोलीबद्दल एक सावधगिरी. झाडीबोली तुमची आहे म्हणून ती मंचावर आपोआप चालेल असं नाही. सहा वर्षांत ती थोडी पुणेरी झालीच असणार. घरच्या माणसाला ती लगेच कळते, आणि सिनेमात ऐकलेल्या ठोकळेबाज वऱ्हाडीचं मिश्रण झालं तर त्याहून लवकर कळते. हंगामाआधी आठवडाभर गावातल्या म्हाताऱ्या माणसांत बसा. ‘पाणी’चं ‘पानी’ करणं सोपं असतं, पण वाक्याचा हेल पुन्हा अंगात भिनवायला वेळ लागतो.

आणि होकार देण्याआधी एक अवघड बोलणं करून घ्या. विनोदी प्रवेश हळूहळू द्वयर्थी बोलण्याकडे घसरतात. पहिल्या रात्री एक वाक्य सुचतं, हशा येतो, दहाव्या रात्रीपर्यंत त्याची पाच होतात आणि समोर उभ्या असलेल्या अभिनेत्रीला कोणी विचारलेलं नसतं. “मी नवीन वाक्य टाकण्याआधी समोरच्या कलाकाराला सांगेन आणि ज्याला त्यांची ना असेल ते बोलणार नाही,” असं लेखकाला आणि मालकाला आधीच सांगून टाका. हे सांगितल्यानं काम जाईल अशी भीती असेल, तर ते काम जाण्याच्या लायकीचं आहे. कोणाच्या जातीवर, व्यंगावर, आदिवासी असण्यावर हशा घ्यायचा नाही, हेही आताच ठरवून घेतलेलं बरं. रात्री दोन वाजता टाळ्या पडत असताना ठरवणं जमत नाही.

आता पैसे. इथं मोबदला ‘नाइट’वर असतो, म्हणजे जितके प्रयोग तितके पैसे. नवखे लोक नाइटला भाऊबीज ते होळी या सगळ्या दिवसांनी गुणतात आणि खूश होतात. भाऊबीजेपासून होळीपर्यंत साधारण १३० रात्री होतात खऱ्या, पण प्रयोग मंडई (दिवाळीनंतरचा गावमेळा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि गावोगावच्या जत्रांच्या तारखांना असतात. त्या तारखा एकमेकांवर येतात आणि मधले दिवस रिकामे जातात. अवकाळी पाऊस आला तर ठरलेलेही प्रयोग जातात. हिशेबासाठी समजा, नाइट १,५०० रुपये आणि प्रयोग ६०. हातात ९०,००० येतील. त्यातून मेकअपचं सामान, कपडे, प्रयोग नसलेल्या दिवसांचं जेवण आणि औषधं वजा करा, मग चार महिन्यांनी भागा. तो आकडा पुण्याच्या पगाराशेजारी लिहा. कमी दिसेल. दिसू द्या, पण होकार देण्याआधी दिसू द्या.

म्हणून “नाइट किती?” याच्या आधी “किमान किती प्रयोगांची हमी?” हे विचारा. एका साध्या कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी, एवढं लिहून घ्या: नाइटची रक्कम आणि ती कधी मिळणार, त्याच रात्री की आठवड्यानं. किमान प्रयोग. उचल किती, आणि ती कशातून वळती होणार. कलाकार गावात पोहोचल्यावर प्रयोग रद्द झाला तर काय मिळणार. भांडणं बहुतेक याच मुद्द्यावर होतात. गाडी कुठून निघणार आणि परत कुठं सोडणार. कपडे कोणाचे. दुसऱ्या कंपनीत बदली म्हणून गेलं तर चालेल का. मालक भला माणूस असला तरी लिहा. भल्या माणसालाही मार्चमध्ये नोव्हेंबरचं बोलणं आठवत नाही.

स्त्री कलाकारांनी यात आणखी तीन ओळी घालाव्यात: कपडे बदलायला बंद, वेगळी जागा, रात्रीच्या प्रवासात गाडीत दुसरी स्त्री असणं, आणि मुक्कामाची खोली आतून कडी लागणारी. हे मागताना संकोच वाटतो, पण चाचणीच्या खोलीत मागितलं तर ती अट असते, पहाटे तीनला मागितलं तर तक्रार ठरते. २०१३ च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसं असलेल्या कामाच्या ठिकाणच्या किंवा थेट मालकाविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करता येते.

नोकरी एवढ्यात सोडू नका. सहा वर्षं एकाच ठिकाणी काढली असतील, तर चार महिन्यांची बिनपगारी रजा मागण्याइतकं वजन तुमच्याकडे असावं. अर्जात कारण खरं लिहा आणि तारखा नेमक्या लिहा. रजा मिळालीच नाही तर मात्र निवड करावी लागेल, कारण पुण्याहून येऊन-जाऊन हंगाम होत नाही. तेव्हा पाच महिन्यांचा खर्च बँकेत आहे का, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा. नसेल तर यंदा नम्रपणे नकार द्या, वर्षभर पैसे बाजूला टाका आणि पुढच्या वर्षी आजच्यापेक्षा चांगल्या तयारीनं जा. पण तेव्हाही फक्त नायकासाठी अडून बसू नका.

वडिलांचं वाक्य पुन्हा वाचा. “नाटकं कसली” या शब्दांनी तुम्ही दुखावलात, पण त्याआधीचा शब्द ‘कापणी’ आहे. हलका धान दिवाळीच्या आसपास हाती येतो, भारी धान त्याच्या मागून, आणि हंगामाची सुरुवात नेमकी त्याच दिवसांत. मुलगा सहा वर्षांनी चार महिन्यांसाठी येतोय आणि दिवसा झोपून राहणार, असं चित्र त्यांना दिसत असेल. कापणी-मळणीच्या मजुरीचे पैसे उचलीतून तुम्ही द्याल आणि रिकाम्या दिवशी शेतावर याल, एवढं आधी बोलून पाहा. मग कळेल, विरोध नाटकाला आहे की एका माणसाच्या कमी पडण्याला.

अंगाकडे दुर्लक्ष करू नका. पहाटे पाचला मेकअप उतरवून सात तास सलग झोप, मग जेवण. हा क्रम मोडला की पंधराव्या प्रयोगाला आवाज जातो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत घाम आलेल्या अंगानं उघड्या गाडीत बसू नका, गळ्याला मफलर ठेवा. औषध मारलेली मच्छरदाणी सोबत हवीच, कारण गडचिरोलीकडे मलेरिया अजून आहे आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं. जागं राहायला म्हणून सगळे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, पुढे करतील. पहिल्या रात्री नाही म्हणालात तर चौथ्या रात्रीपासून कोणी विचारत नाही. घसा आणि तोंड हेच तुमचं हत्यार आहे, त्यात तंबाखू कशाला?

तेव्हा पोळ्याच्या दोन दिवस आधी दुसऱ्या कंपनीला फोन करा आणि होकाराआधी तीन गोष्टी विचारा: किमान प्रयोग किती, दुसऱ्या नाटकात काय देता, आणि नक्कल कधी मिळेल. उत्तरं पटली तर कागदासाठी स्वतः वडशाला जा. पहिल्या कंपनीशीही वाकडं घेऊ नका. तुमचे वीसेक प्रयोग झाले की त्यांच्या मालकांना निरोप धाडा, अमुक तारखेला अमुक गावी प्रयोग आहे, जमलं तर या. आले तर ते पुढच्या खुर्चीवर बसणार नाहीत, मागं चहाच्या टपरीपाशी उभे राहतील. त्या रात्री वाक्याचे शेवट सांभाळा.